कफनवालीचा शेवट

सोलापूरजवळच्या कुंभारीत धर्मपाल बनसोडेला कुणा नव्या माणसानं विचारलं, की तुम्ही लायब्ररीत होता म्हणे, तर तो आधी उलटा विचारतो, "कुटल्या? पहिल्या का दुसऱ्या?" दुसरी कॉलेजची. तिथं त्यानं पंचवीस वर्षं पुस्तकं काढून दिली, परत फळीवर लावली, आणि दोन वर्षांमागं शाल अन् नारळ घेऊन घरी आला. तिच्याबद्दल सांगण्यासारखं त्याच्याकडं एवढंच. पहिलीबद्दल विचारलंत, तर मात्र दुपारची दुसरी कामं ठेवू नका.

सोलापुरात नव्या पेठेच्या मागच्या बोळात, एका शिंप्याच्या दुकानावर 'तारा व्हिडिओ' ही त्याची पहिली लायब्ररी. दोन व्हीसीआर, चारशे कॅसेटी आणि एक टेबलफॅन, तोही कॅसेटींकडं तोंड करून ठेवलेला. मारामारीचे, रडारडीचे, देवाधर्माचे, सगळे पिक्चर तिथं मिळायचे. पण लोक जिना चढून यायचे ते भुतांसाठी. चादरीच्या कारखान्यातली माणसं सुट्टीच्या दिवशी वर्गणी काढून टीव्ही-व्हीसीआर भाड्यानं न्यायची आणि जाता जाता सांगायची, "धर्मा, एक भुताचा टाक." भुताचा धर्मपाल असं नावच पडलं त्याचं, आणि त्याला ते गोडही लागायचं.

पिक्चर खपवायची त्याची एक पद्धत होती. काउंटरवर दोन्ही कोपरं टेकायची, आवाज खाली आणायचा आणि गोष्ट हळूहळू इंटरव्हलपर्यंत न्यायची. दार वाजलं, कुत्री रडली, विहिरीवरची फळी हलली. इथं तो थांबायचा. "फुडं?" गिऱ्हाईक विचारायचं. "फुडचं न्हाय सांगत. मजा जाती." गिऱ्हाईक कॅसेट घेऊनच खाली उतरायचं. लोक म्हणायचे, धंदा करावा तर धर्मपालनं. खरं काय ते आता सांगायला हरकत नाही, तो स्वतःही सांगतो: पुढचं त्याला ठाऊकच नसायचं. चारशेत साठ कॅसेटी भुताच्या, आणि त्या साठांतल्या एकीचाही शेवट त्यानं बघितला नव्हता. इंटरव्हल झाला की त्याचा हात आपोआप बटणाकडं जायचा. भुतांचा एवढा मोठा व्यापारी, पण स्वतःचाच माल शेवटपर्यंत उघडून बघायची छाती नव्हती.

हे एकाच माणसाला माहीत होतं. त्याची बायको चांगुणा, वैरागची. ती लग्न होऊन आली तेव्हा दोघं सोलापुरात भाड्याच्या एका खोलीत राहायची, आणि संडास होता चाळीच्या पार टोकाला. अंधार पडल्यावर जायचं झालं की चांगुणा कंदील घेऊन पुढं, धर्मपाल डबा घेऊन मागं. ती दाराबाहेर उभी राहायची, आणि आतून दर अर्ध्या मिनिटाला आवाज यायचा, "हाईस न्हवं?" "हाय," ती म्हणायची. इतक्या वर्षांत तिनं हे माहेरीसुद्धा कुणाला सांगितलं नाही. बाई मनानं मोठी.

आता त्या कॅसेटीचं सांगतो, कारण घोडं तिथंच पेंड खातं.

लग्न झालं वैरागला, ५ मे १९९१ ला. शूटिंग केलं पंचाक्षरी फोटोवाल्यानं, धंद्यातली ओळख म्हणून, तीन तासांच्या एका कॅसेटवर. चांगुणाचे वडील ज्ञानबा, म्हणजे आप्पा, वैरागच्या अडत बाजारात हमाल होते. पोतं पाठीवर घ्यायचं आणि मान खाली घालून चालायचं, सगळा जन्म तसाच गेला. त्यांचा धड असा एक फोटोही नव्हता. आप्पा हलताना, बोलताना कुठं असतील तर त्या कॅसेटीत. पुढच्या साली त्यांनी निरोप धाडला, की गावात एकाकडं व्हीसीआर आलाय, तर लग्नाची कॅसेट एकदा डोळ्यानं बघू द्या. चांगुणानं कॅसेट धर्मपालच्या हातात ठेवली. "आप्पांना एक कॉपी काढून द्या," म्हणाली.

नेमकी त्याच दुपारी दुकानात 'अधुरी कफनवाली' येऊन पडली. पुण्याहून एका दिवसाच्या बोलीवर आणलेली, संध्याकाळच्या गाडीनं परत जायची, म्हणून आधी तिची कॉपी काढायची. जिन्यावर गिऱ्हाइकांची रांग. कॉपी काढायची म्हणजे एका व्हीसीआरमध्ये भरलेली कॅसेट, दुसऱ्यात कोरी, आणि मध्ये वायर. भरलेल्या कॅसेटीवर चुकून दुसरं काही उतरू नये म्हणून तिच्या कडेची प्लॅस्टिकची एक पाकळी मोडून टाकतात; पाकळी नसली की मशीन तिच्यावर रेकॉर्ड करत नाही. पंचाक्षरीनं ती मोडलेली होती, त्याची काही चूक नाही. पण धर्मपालच्या हाताला एक खोड होती. जुन्या कॅसेटी पुन्हा वापरायच्या म्हणून, मोडलेली पाकळी दिसली की तो त्या भोकावर सेलोटेप चिकटवायचा, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, खाली न बघता. त्या दिवशीही चिकटवला. आणि कोरी समजून लग्नाची कॅसेट दुसऱ्या मशीनमध्ये सारली.

संध्याकाळी बघतो तर कोरी कॅसेट टेबलावर तशीच, आणि त्याच्या लग्नात कफनवाली. खाली काही उरलंय का ते बघायला त्यानं कॅसेट पुढं पळवली. पण पळवली तरी चित्र दिसतंच की. विहिरीतून एक हात वर आला, आणि त्यानं मशीन बंद केलं. मग डोक्यानं काम करायला गेला, तेही धड नाही. हिंदी पिक्चर तीन तासांचा, कॅसेट तीन तासांची, उरणार काय? कपाळ. घरी जाऊन तो चांगुणाला म्हणाला, "बुरशी लागली कॅसेटला. गेली ती."

बुरशीवर रागावून चांगुणा तरी काय करणार? वैरागला तसा निरोप गेला. पुढं दोन वर्षांनी आप्पा गेले. बाजारात पोतं उतरवून जरा टेकले ते उठलेच नाहीत. सगळं आवरल्यावर चांगुणा एकदाच म्हणाली, "ती कॅसेट आसती तर." धर्मपालला पुढं कित्येक दिवस जेवताना ते वाक्य आठवायचं. सांगून टाकावं असं शंभरदा वाटलं. पण भित्रा माणूस काय फक्त भुतालाच भितो?

कॅसेट त्यानं टाकली मात्र नाही. तिच्यावर पंचाक्षरीची चिठ्ठी होती, 'धर्मपाल–चांगुणा मंगल परिणय'. तिच्यावर त्यानं 'कफनवाली' अशी दुसरी चिठ्ठी चिकटवली आणि कॅसेट पत्र्याच्या पेटीच्या तळाशी घातली. वर कफनवाली बसली असली तरी खाली कुठंतरी लग्न आहे, अशी त्याची एक वेडी समजूत होती. मग केबल आलं, तारा व्हिडिओचा जिना ओस पडला, कॅसेटी भंगारात गेल्या. भुताच्या दहा-बारा तेवढ्या त्यानं पेटीत ठेवल्या, आणि त्यांच्याखाली ही.

तीस वर्षं ती पेटी कुणी उघडली नाही. पुढंही उघडली नसती. पण धर्मपालला गप्प बसता येत नाही.

त्याची मुलगी चैताली पुण्याला नोकरी करते. ज्या पिक्चरांना सोलापुरात मास्तर लोक चारचौघांत नाक मुरडायचे आणि घरी पडदे ओढून बघायचे, त्यांना तिची मित्रमंडळी 'कल्ट' म्हणतात आणि रविवारी जमून आदरानं बघतात. धर्मपालला तो शब्द फार आवडला. पारावर त्यानं दोघातिघांना ऐकवलंही, "आमी कल्ट हुतो." चैतालीनं फोनवर विचारावं आणि यानं फुगावं, असं वर्षभर चाललं. कुठल्या पिक्चरात भुतानं कुणाला कसं धरलं, सगळं इंटरव्हलपर्यंत चोख सांगायचा. एकदा ती म्हणाली, "पप्पा, 'अधुरी कफनवाली' कुठंच मिळत नाही. इंटरनेटवर नाही, कुणाकडं कॅसेट नाही. तुम्ही बघितलाय?"

"शंभर डाव," धर्मपाल म्हणाला.

"तुमच्याकडं आहे?"

इथं शहाणा माणूस गप्प बसला असता. "हाय की," धर्मपाल म्हणाला.

पुढच्याच शनिवारी चैताली पुण्याच्या जुन्या बाजारात घेतलेला, दुरुस्त करून आणलेला व्हीसीआर मांडीवर घेऊन बसमधून उतरली. धर्मपालचं तोंड एवढंएवढंसं झालं. कॅसेट हातात घेतली की लेक वरची चिठ्ठी नखानं खरवडणार, लहानपणापासनं तिची ती सवयच. खालचं 'मंगल परिणय' वाचणार, मोठ्यानं वाचणार, आणि चांगुणा ते ऐकणार. मग बुरशीचं काय सांगायचं?

रविवारी सकाळी अकराला चैतालीनं पडदे ओढले. धर्मपालनं आपल्या परीनं सगळे उपाय करून बघितले. आधी म्हणाला, पेटीची किल्ली सापडत नाही. पेटीला कुलूपच नव्हतं. मग म्हणाला, कॅसेट खराब झाली असेल, मशीन बिघडेल. चैतालीनं पिशवीतून कापूस आणि स्पिरिट काढलं. शेवटी लाईटवर भिस्त ठेवली. कुंभारीत एरवी सकाळी हमखास जाणारी लाईट त्या दिवशी जागची हलली नाही.

चैताली कॅसेट पुसायला लागली. चिठ्ठीची कड सुटलीच होती. "पप्पा, खाली पण काहीतरी लिहिलंय," ती म्हणाली आणि तिनं नख घातलं.

"जुनं नाव आसंल कायतरी. दे हिकडं," म्हणून धर्मपालनं कॅसेट तिच्या हातातनं जवळजवळ हिसकावली आणि घाईघाईनं मशीनमध्ये सारली. म्हणजे जी लावायची नव्हती ती त्यानं स्वतःच्याच हातानं लावली. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय.

चांगुणा परातीत गवार घेऊन भिंतीला टेकून बसली. चैतालीनं मोबाईल एका स्टँडवर लावून ठेवला. पिक्चर संपल्यावर पप्पांचं मनोगत घ्यायचं होतं. धर्मपाल खुर्चीवर बसला, आणि मग उगाच खाली चांगुणाशेजारी येऊन बसला.

गोष्ट अशी, की लग्नाच्या दिवशी नवरीला विहिरीत ढकलतात आणि तिला कफन मिळतं तेही अर्धंच. उरलेलं अर्धं मागायला ती घरोघर फिरते. चित्र थरथरत होतं, आवाज फाटत होता, पण पिक्चर चालला. विहीर पुठ्ठ्याची होती. चंद्राला वायर होती. "हिच्या पायात स्लीपर हाय की," चांगुणा गवारीचा दोर काढत म्हणाली. "अन् इतकं बुडून मेली, तरी टिकली जाग्यावर." चैताली पोट धरून हसली. धर्मपालही हसला, पण जरा उशिरानं. जिला भिऊन आपण बटण दाबत आलो तिचे केस म्हणजे काळा दोरखंड आहे, हे त्याला पहिल्यांदाच नीट दिसत होतं, आणि त्याला स्वतःची चांगलीच लाज वाटली.

इंटरव्हल झाला. विहिरीवरची फळी हलली. धर्मपालचा हात सवयीनं रिमोटकडं गेला, तर तिथं चैतालीचा हात. विहिरीतून बोटं वर आली आणि लाज-बीज सगळी विसरून त्यानं डोळे मिटले.

"अवो, उघडा आता," चांगुणा लेकीला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली. "गेला हात."

असं तीनदा झालं. शेवटी पिक्चरमधल्या नवऱ्यानं डोक्यावरचा फेटा सोडून विहिरीत टाकला, कफन पुरं झालं, आणि बाई गुमान खाली गेली. समाप्त. एवढंच? एवढ्यासाठी एक माणूस तीस वर्षं भ्याला? भिंतीवरच्या घड्याळात सव्वा वाजला होता. पिक्चर सव्वादोन तासांतच आटोपला, हे धर्मपालला कुठंतरी खटकलं. पण त्याला चिठ्ठी कुणी वाचली नाही याचा आनंद होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा भुताचा पिक्चर शेवटापर्यंत बघितला याचाही. आनंदात माणूस गणित करत नाही.

चैतालीनं मोबाईल त्याच्याकडं वळवला. टीव्हीवर नुसत्या मुंग्या चालल्या होत्या. धर्मपाल टीव्हीपुढं उभा राहिला, शर्ट खाली ओढला आणि कॉलेजच्या निरोप समारंभात काढला होता तो आवाज काढला. "भीती म्हणजे काय? तर भीती म्हणजे अज्ञान. मी या व्यवसायात आठ वर्षं काढली. असंख्य भुतं हाताळली. माझा सर्व तरुणांना एवढाच संदेश आहे की माणसानं नेहमी शेवटापर्यंत..."

त्याच्या पाठीमागं मुंग्या थांबल्या आणि जेवणाच्या पंगतीचा गलका ऐकू आला. चांगुणाच्या हातातली गवार परातीत पडली. धर्मपालनं वळून बघितलं.

मांडव होता. वैरागचा. पत्रावळी, पाण्याचे तांबे, मुंडावळ्या सुटलेला नवरदेव एका कोपऱ्यात. पंचाक्षरीला त्या भागावर गाणी टाकायची राहून गेली होती, म्हणून बोलणं जसंच्या तसं ऐकू येत होतं. कॅमेरा डुलत डुलत पुढं गेला आणि एका माणसापाशी थांबला. नवा पांढरा सदरा, घडीच्या रेघा तशाच. मान पोत्यांच्या सवयीनं जरा पुढं आलेली. आप्पा.

"बोला की मामा कायतरी," पंचाक्षरीचा आवाज आला.

आप्पांनी कपाळावर हात आडवा धरला. "काय बोलू बाबा? आदी ती लाईट बाजूला घे. पोरं निजल्यात हितं." मग ते कुणाकडं तरी वळले. "पावनं, एक सांगतो. आमची चांगुणा कामाला वाघ हाय. पर अंधाराला लई भेती. लाईट गेली की तिच्याजवळ बसा. तेवढं करा."

बाजूनं मिशीवाला नवरदेव छाती काढून चित्रात शिरला. "मामा, तुमी घोर करू नका. मी हाय की. मी कशालाच भेत न्हाय."

आप्पा हसले. पुढचा एक दात नव्हता त्यांना. मग ते वाढप्यांकडं बघायला निघून गेले, आणि कॅमेरा पंगतीवर फिरत राहिला.

चैतालीला हसू फुटलं होतं. मग तिनं आईकडं बघितलं. मोबाईल तिनं उपडा ठेवला.

"बुरशी लागली म्हनला हुता," चांगुणा म्हणाली.

मग धर्मपाल सगळं बोलला. सेलोटेप, दोन मशीनं, पुण्याची गाडी, चिठ्ठीवरची चिठ्ठी. काही राखलं नाही, राखण्यासारखं काही उरलंही नव्हतं. "मला वाटलं सगळंच पुसलं. पिक्चर तीन तासांचा आसंल म्हनून..."

"शेवट बघायचा हुता की."

"भ्या वाटलं."

चांगुणानं टीव्हीवरची नजर काढली नाही. "त्याच्या फुडं आप्पा दोन वर्षं हुते," ती म्हणाली. "वैरागला जाऊन दावता आलं आसतं. मांडवात कसं दिसतो, ते बघायचं हुतं त्यांना. लई मन हुतं त्यांचं."

धर्मपाल आयुष्यभर स्वतःची थट्टा करून वेळ मारून नेत आला. भित्रा आहे म्हटलं की लोक हसतात आणि विषय मिटतो. हा विषय हसून मिटणार नव्हता. अर्धा तास डोळे उघडे ठेवले असते तर एका म्हाताऱ्याला त्याच्या लेकीचं लग्न बघायला मिळालं असतं. तिनं ओरडावं, परात फेकून मारावी, असं त्याला मनापासून वाटलं.

चांगुणानं पदर डोळ्यांना लावला. "आप्पा खरं बोलत हुते," ती मग चैतालीकडं बघून म्हणाली. "लग्नाआदी म्या अंधारात उंबऱ्याभाईर पाय टाकत नव्हते. हितं आले, अन् बघितलं, आपल्याहून मोठं भित्रं हितं बसलंय. दोघंबी भ्यालो आसतो, तर कंदील कुनी धरला आसता? सुटलं माझं भ्या." मग ती धर्मपालकडं वळली. "तुमाला माफ केलं, आसं समजू नका. ते बघू फुडं. आदी ते मागं घ्या. आप्पांपातुर."

धर्मपालनं रिमोट घेतला. घाईत कॅसेट जरा जास्तच मागं गेली. पडद्यावर पुन्हा विहीर आली, फळी हलली, आणि ती बाई केस सोडून वर यायला लागली. केस दोरखंडाचे, विहीर पुठ्ठ्याची, पायात स्लीपर, शेवट काय तोही ठाऊक. तरी धर्मपालनं डोळे घट्ट मिटून घेतले. चैताली पुढं पळवायला वाकली.

"ऱ्हाऊ दे," चांगुणा म्हणाली. "चालू दे तशीच."

बराच वेळ नुसता आवाज येत राहिला.

"हाईस न्हवं?" त्यानं विचारलं.

"हाय."

मुंग्यांची खरखर सुरू झाली आणि थांबली. पंगतीचा गलका आला.

"उघडा आता," चांगुणा म्हणाली. "आप्पा आल्यात."